खोलीतील वातानुकूलक: कार्य आणि नेहमीचे बिघाड

दिल्लीला उन्हाळा एक नसून दोन आहेत. पहिला एप्रिलपासून जूनच्या अखेरीपर्यंतचा. तो कोरडा असतो. राजस्थानच्या बाजूने लू वाहू लागते, आभाळ धुळीने पिवळे पडते आणि भर दुपारी रस्ते ओस होतात. 29 मे 2024 रोजी सफदरजंग येथील वेधशाळेत 46.8 अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. दुसरा उन्हाळा पावसाबरोबर येतो. या वेळी पारा चौतीस-पस्तीस अंशांवर उतरलेला असतो. परंतु हवा दमट असल्यामुळे अंगावरचा घाम वाळत नाही आणि रात्रीही जीव कासावीस होतो. वाळ्याच्या ताट्या आणि पाण्याचा कूलर ही पहिल्या उन्हाळ्याची साधने होत. दुसऱ्या उन्हाळ्यात ती निरुपयोगी ठरतात. कारण पाण्याची वाफ होऊन गारवा उत्पन्न व्हावयाचा, तर हवा आधी कोरडी असावी लागते.

दोन्ही ऋतूंत सारखे उपयोगी पडणारे साधन म्हणजे वातानुकूलक, ज्याला बोलण्यात सर्वजण एसी म्हणतात. एकेकाळी मोठ्या कचेऱ्या, हॉटेले आणि चित्रपटगृहे यांपुरते मर्यादित असलेले हे यंत्र आता दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुडगाव येथील मध्यमवर्गीय घरांत सर्रास दिसते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वृद्धांच्या व तान्ह्या मुलांच्या दृष्टीने मे महिन्यात ते चैनीची वस्तू राहत नाही. असे यंत्र ऐन उन्हाळ्यात अडून बसले की घरातील मंडळी हवालदिल होतात, आणि येणारा मिस्त्री बहुधा एकच निदान सांगतो: “साहेब, गॅस संपला आहे.” हे निदान कधीकधी खरे असते. पुष्कळदा ते खरे नसते. खरे-खोटे ओळखावयाचे असेल तर यंत्र मुळात काय करते हे समजून घेतले पाहिजे.

यंत्राचे कार्य

वातानुकूलक थंडी निर्माण करतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः थंडी नावाचा कोणताही पदार्थ नाही. हे यंत्र खोलीतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते, इतकेच. पाणी स्वभावतः उताराकडे वाहते, तशी उष्णता अधिक तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडे जाते. 26 अंशांच्या खोलीतून 45 अंशांच्या अंगणात तिला न्यावयाचे म्हणजे विहिरीतील पाणी मोटेने वर काढण्यासारखे आहे. त्यासाठी बैलांचे श्रम लागतात. येथे ते श्रम विजेवर चालणारा कॉम्प्रेसर करतो.

मोटेचे काम करणारा पदार्थ म्हणजे शीतक. यालाच व्यवहारात गॅस म्हणतात. आतल्या भागातील तांब्याच्या वा ॲल्युमिनियमच्या वेटोळ्यात हे शीतक कमी दाबाखाली दहा अंशांच्या आसपास उकळते आणि उकळताना खोलीतील हवेची उष्णता शोषून घेते. कॉम्प्रेसर ती वाफ ओढून घेतो व दाबतो. दाबामुळे तिचे तापमान बाहेरच्या हवेहूनही वर चढते. मग बाहेरच्या वेटोळ्यात पंख्याच्या वाऱ्याने ती निवते, तिचे पुन्हा द्रव होते, आणि हे द्रव एका अरुंद वाटेने दाब गमावून आत परतते. दिवसातून शेकडो वेळा हीच फेरी चालते. या फेरीत शीतक खर्च होत नाही, ही गोष्ट वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी.

यंत्राची शक्ती ‘टना’त सांगतात. हा टन यंत्राच्या वजनाचा नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता शोषतो, तो वेग म्हणजे एक टन. तो सुमारे साडेतीन किलोवॉट भरतो. दीड टनाचे यंत्र खोलीतून सव्वापाच किलोवॉटच्या वेगाने उष्णता उपसते. कॉम्प्रेसरने घेतलेल्या विजेची उष्णता तीत मिळवली तर बाहेर फेकली जाणारी उष्णता जवळजवळ सात किलोवॉट होते. खोलीच्या बाहेर, गॅलरीच्या कोपऱ्यात, सात शेगड्या पेटलेल्या आहेत असे समजावे. त्या शेगड्यांची धग जाण्यास वाट नसेल तर काय होईल, हे पुढे येईलच.

खोली थंड होत नाही

ही सर्वांत मोठी तक्रार. हिची तपासणी उष्णतेच्या वाटेनेच, आतून बाहेर, अशी करावी.

सर्वप्रथम यंत्राने काम किती केले हे मोजावे. शाळेच्या प्रयोगशाळेतील दोन साधे तापमापक यास पुरतात. यंत्र सर्वांत कमी तापमानावर व पंखा सर्वांत जोरावर ठेवून पंधरा-वीस मिनिटे चालू द्यावे. एक तापमापक हवा आत ओढली जाते तेथे आणि दुसरा गार हवा बाहेर पडते तेथे धरावा. दोहोंतील अंतर आठ ते बारा अंश आले, तर यंत्र निरोगी आहे. खोलीत शिरणारी उष्णताच त्याच्या शक्तीपलीकडची आहे. वरच्या मजल्यावर दिवसभर तापलेले छत, पश्चिमेची काच, दाराखालची फट, यांचा येथे विचार करावा. आणखी एक गोष्ट विसरली जाते. यंत्रावर छापलेली शक्ती बाहेर 35 अंश तापमान असताना मोजलेली असते. बाहेर 45 अंश झाले की तेच यंत्र तेवढी उष्णता उपसू शकत नाही, आणि वीज मात्र अधिक घेते. मेमधील दुपारी खोली 24 अंशांवर न येता 28 वर अडली, तर तो बिघाड म्हणता येत नाही.

अंतर तीन-चार अंशच भरले, तर दोष यंत्रात शोधावा. परंतु तेथेही प्रारंभ गाळणीपासून करावा. आतल्या भागाचे झाकण उघडले की जी जाळी दिसते ती गाळणी. दिल्लीच्या धुळीने ती पंधरा दिवसांतही भरून जाते. एक आंधी आली तर तेवढेही दिवस लागत नाहीत. जाळी भरली की वेटोळ्यावरून हवा पुरेशी जात नाही आणि उकळणाऱ्या शीतकाला उष्णता मिळत नाही. मोट विहिरीत उतरते, पण पाण्याला टेकत नाही. जाळी काढून नळाखाली धुवावी, सावलीत वाळवावी व परत बसवावी. या कामास मिस्त्री लागत नाही, पैसा लागत नाही, आणि निम्म्या तक्रारी येथेच मिटाव्यात. (ही जाळी स्थूल धुळीसाठी असते. हिवाळ्यात दिल्लीवर उतरणाऱ्या धुरक्यातील अतिसूक्ष्म कण तिच्यातून सुखेनैव निघून जातात. वातानुकूलकाने खोलीची हवा शुद्ध होते, हा समज चुकीचा आहे. भिंतीवरचे यंत्र बाहेरची ताजी हवाही आत आणत नाही.)

जाळी स्वच्छ असेल तर बाहेरच्या भागाकडे जावे. त्याच्या पातळ पत्र्यांमध्ये धूळ, कबुतरांची पिसे व काटक्या अडकलेल्या असतात. परंतु राजधानीच्या परिसरातील उंच इमारतींत याहून मोठा दोष जागेचाच असतो. इमारतीचे रूप बिघडू नये म्हणून बाहेरचे भाग अरुंद पोकळीत एकावर एक बसवितात, किंवा त्यांच्यापुढे शोभेची जाळी लावतात. मग खालच्या यंत्राने फेकलेली धग वरचे यंत्र ओढून घेते. रस्त्यावर 42 अंश असताना त्या पोकळीत याहून कितीतरी अधिक असू शकते. अशा वेळी शीतकाचा दाब फार वाढतो आणि कॉम्प्रेसर स्वतःच्या रक्षणासाठी बंद पडतो. थोडा निवला की चालू होतो, पुन्हा बंद पडतो. दुपारी दोन वाजता रुसणारे आणि रात्री दहानंतर निमूट चालणारे यंत्र बहुधा या वर्गातले असते. त्याच्यात कितीही गॅस भरला तरी उपयोग व्हावयाचा नाही. किंबहुना जास्तीचा गॅस दाब आणखी वाढवून अपाय करील. उपाय म्हणजे यंत्राच्या तोंडापुढची जागा मोकळी करणे.

वेटोळ्यावर बर्फ

थंडी कमी पडते म्हणून झाकण उघडावे आणि आत पांढराशुभ्र बर्फ दिसावा, हा अनुभव अनेकांस चमत्कारिक वाटतो. त्याची उपपत्ती सोपी आहे. वेटोळ्यावरून उष्ण हवा पुरेशी गेली नाही, तर त्याचे तापमान शून्याखाली उतरते आणि हवेतील बाष्प त्यावर गोठते. बर्फाचा थर उष्णतेस अडवतो. त्यामुळे वेटोळे अधिकच गार होते आणि थर वाढत जातो. शीतक कमी झाल्यानेही बर्फ धरतो, कारण तेव्हा आतील दाब घटून शीतक फार कमी तापमानावर उकळू लागते. या दोहोंत भेद करता येतो. बर्फ सर्व पृष्ठभागावर सारखा पसरला असेल तर हवा अडली आहे. शीतक जेथे शिरते तेवढ्याच टोकाशी बर्फ असेल आणि उरलेले वेटोळे कोरडे व कोमट असेल, तर शीतक कमी असल्याचा संशय घ्यावा.

दोन्ही प्रसंगी यंत्र ‘पंखा’ या खुणेवर ठेवून तास-दोन तास बर्फ वितळू द्यावा. चाकूने वा स्क्रू-ड्रायव्हरने तो खरवडू नये. पातळ नळीस भोक पडले की साधी सफाई हजारोंच्या खर्चात जाते.

“गॅस संपला”

शीतक बंद नळ्यांत फिरते. ते मोटारीतल्या पेट्रोलाप्रमाणे जळत नाही. म्हणून दर उन्हाळ्यास ते भरावे लागते, ही समजूत निराधार आहे. घटले असेल तर गळतेच आहे, आणि गळती न शोधता वरून गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. दोन महिन्यांनी तोच मिस्त्री, तेच निदान आणि तोच खर्च.

गळतीची खूण पुष्कळदा डोळ्यांना दिसते. शीतकाबरोबर कॉम्प्रेसरचे थोडे तेलही फिरत असते. जेथे शीतक निसटते तेथे तेल झिरपते आणि त्यावर धूळ बसून काळा, चिकट डाग पडतो. आतल्या व बाहेरच्या भागांना जोडणाऱ्या नळ्यांचे सांधे याकरिता प्रथम पाहावेत. साबणाचा फेस लावला असता बुडबुडे येतात. चांगला कारागीर नळ्यांत नायट्रोजन वायू दाबाने भरून गळती पक्की करतो, सांधा दुरुस्त करतो, निर्वात पंपाने आतील हवा व ओल काढून टाकतो आणि मगच शीतक भरतो. तेही अदमासाने नव्हे, तर यंत्राच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतके, काट्यावर तोलून. गृहस्थाने कारागिरास एवढेच विचारावे, “गळती कोठे सापडली?” या प्रश्नास उत्तर नसेल तर गॅस भरू देऊ नये.

नव्या यंत्राची नळीही गळू शकते. उघड्या नाल्यांतून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूने तांबे काळे पडते व झिजते. नाल्याकाठच्या घरांत पितळेची भांडी लवकर काळवंडतात, त्यामागचे रसायनही हेच आहे. यमुनेपारच्या व नोएडाच्या नाल्यांलगतच्या वस्त्यांत वेटोळी वारंवार गळण्याच्या तक्रारी असतात, त्यात नवल नाही. तेथे यंत्र घेताना संरक्षक लेप दिलेले वेटोळे मागावे.

निसटलेला वायू कोठे जातो, हा प्रश्नही क्षुल्लक नाही. जुन्या यंत्रांतील आर-22 हे शीतक वरच्या वातावरणातील ओझोनचा नाश करते. 1987 च्या माँट्रियल करारानुसार ते जगभर मागे घेतले जात आहे. त्याच्या जागी आलेले आर-32 ओझोनला धक्का लावीत नाही; मात्र उष्णता अडवून धरण्यात ते वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे सातशे पट प्रभावी आहे. शिवाय ते मंदपणे पेट घेऊ शकते, आणि काही यंत्रांत वापरले जाणारे आर-290, म्हणजे प्रोपेन, तर सहज पेटते. म्हणून नळ्यांत शीतक असताना डाग देण्याची ज्योत जवळ नेणे धोक्याचे आहे, आणि एका जातीच्या यंत्रात दुसऱ्या जातीचा वायू भरणे तर मुळीच चालत नाही.

खोलीत पाणी ठिबकणे

हा दुसऱ्या उन्हाळ्याचा विकार आहे. मेमध्ये बाहेर 43 अंश व सापेक्ष आर्द्रता 15 टक्के असेल, तर एक घनमीटर हवेत जेमतेम नऊ ग्रॅम बाष्प असते. जुलैत 30 अंश व 75 टक्के आर्द्रता असता तेच प्रमाण तेवीस ग्रॅमवर जाते. मेमध्ये वेटोळे जवळजवळ कोरडे राहते. जुलैत मात्र त्यावरून तासाला एक-दोन लिटर पाणी गळते. हे पाणी खालच्या पन्हाळीत जमून नळीवाटे बाहेर जावयाचे असते. उन्हाळाभर साठलेली धूळ ओली होऊन तिचा चिखल व शेवाळ नळीत बसते, आणि पाणी उलटून भिंतीवर येते. येथेही काही मिस्त्री गॅसचे नाव घेतात. नळीचे बाहेरचे टोक मोकळे करून पन्हाळीत तांब्याभर पाणी ओतून पाहावे. ते सरळ निघून गेले तर दुखणे संपले. नळीला अखंड उतार हवा. तिचे टोक थेट गटारात सोडू नये, नाहीतर खोलीत दुर्गंधी येते आणि तिचा दोष यंत्रावर येतो.

हवेतील बाष्पाचे पाणी होताना बरीच उष्णता सुटते. ताशी दोन लिटर पाणी काढताना दीड टनाच्या यंत्राची चौथाई शक्ती त्यातच जाते. म्हणून जुलैत दोन तापमापकांमधील अंतर थोडे कमी भरले तरी घाबरू नये. या ऋतूत खोली 22 अंशांवर येऊनही चिकचिक वाटते, असा काहींचा अनुभव असतो. खोलीच्या मानाने यंत्र फार मोठे असले की ते झटपट गारवा करून थांबते. हवा वाळविण्यास त्याला वेळच मिळत नाही. मोठे ते चांगले, हा हिशेब येथे चुकतो. वातानुकूलनाचा उगमच मुळी ओलाव्यातून झाला आहे. अमेरिकेतील ब्रुकलिन येथे एका छापखान्यातील कागद दमट हवेने फुगत असे व रंग जागेवर बसत नसत, म्हणून विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने 1902 मध्ये हवा वाळविण्याची योजना आखली. माणसांच्या सुखाचा विचार नंतर आला.

विजेचे दोष

यंत्र घुं-घुं करते, खट् असा आवाज होतो, पण कॉम्प्रेसर चालत नाही. याची कारणे बहुधा दोन: विजेचा दाब कमी असणे किंवा कपॅसिटर निकामी होणे. एकाच गतीने चालणाऱ्या साध्या कॉम्प्रेसरची ओढण्याची ताकद विजेच्या दाबाच्या वर्गानुसार बदलते. 230 व्होल्टऐवजी 180 मिळाले, तर ती ताकद सुमारे 61 टक्केच उरते, आणि चढलेल्या दाबाविरुद्ध मोटर फिरूच शकत नाही. सायंकाळी वस्तीतील सर्व यंत्रे एकदम सुरू होतात तेव्हा हे घडते. वीज जाऊन लगेच आली असतानाही यंत्र तीन-चार मिनिटे बंद ठेवावे, म्हणजे नळ्यांतील दाब समतोल होतो. कपॅसिटर बदलणे स्वस्त काम आहे, पण घरच्या माणसाने त्यास हात लावू नये. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

याहून गंभीर दोष सैल प्लगचा. आठ अँपिअर प्रवाह चालू असता सैल जोडावर अर्धा ओहम रोध जरी निर्माण झाला, तरी तेथे 32 वॉट उष्णता एकवटते. डाग देण्याची लहान इस्त्री 25 वॉटची असते, हे लक्षात घेतले म्हणजे प्लास्टिक का वितळते याचा उलगडा होतो. हे रात्रभर, पडद्याशेजारी, घरची माणसे झोपलेली असताना चालते. 30 मे 2024 रोजी नोएडाच्या सेक्टर 100 मधील एका उंच इमारतीतील घराला आग लागली. ती वातानुकूलकापासून सुरू झाल्याचे वृत्त होते. प्लग हातास गरम लागणे, त्याभोवती तपकिरी डाग पडणे, किंवा जळका वास येणे, यांपैकी एक जरी खूण दिसली तरी मुख्य कळ तत्काळ बंद करावी. वारंवार पडणाऱ्या एमसीबीच्या जागी अधिक क्षमतेचा बसविणे म्हणजे पहारेकऱ्यास झोपविणे होय. यंत्रास 16 अँपिअरचा स्वतंत्र प्लग, जाड तांब्याची तार व खरी अर्थिंग हवी. जोडणीची वायर नको.

किरकोळ तक्रारी थोडक्यात. यंत्र हुकूम ऐकत नसेल तर आधी रिमोटचे सेल बदलावेत. खडखड आवाज बहुधा सैल पत्र्याचा असतो. ओल्या कपड्यांसारखा कुबट वास वेटोळ्यावरील बुरशीचा. बंद करण्यापूर्वी थोडा वेळ नुसता पंखा चालविल्यास तो कमी होतो. वीजबिल वाढल्याची तक्रार असेल, तर यंत्र कोणत्या तापमानावर ठेवले आहे ते पाहावे. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या शिफारशीवरून 1 जानेवारी 2020 पासून खोलीतील नवे वातानुकूलक सुरू होताना आपोआप 24 अंशांवर येतील असे बनविले जातात. ते 18 वर नेल्याने खोली लवकर थंड होत नाही, केवळ यंत्र अधिक वेळ चालते.

बाहेरचा भाग आणि त्याखालचे लोक

ऑगस्ट 2024 मध्ये दिल्लीच्या करोल बाग भागात वरच्या मजल्यावरील वातानुकूलकाचा बाहेरचा भाग निखळून गल्लीत उभ्या असलेल्या दोघा तरुणांवर पडला. त्यांतील अठरा वर्षांचा मुलगा मृत्यू पावला. तीस-चाळीस किलोचे हे ओझे लोखंडी कंसावर वर्षानुवर्षे थरथरत असते. पावसाने कंस गंजतात आणि भिंतीतले खिळे सैल होतात. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, ते तपासून घ्यावेत आणि गंजलेले बदलावेत. तेथे चढणारा कारागीर कमरेला दोर बांधल्याखेरीज खिडकीबाहेर पाऊल टाकणार नाही, एवढे पाहणे घरमालकाचे काम आहे. तो घाईत असला तरी त्याला थांबवावे.

ऑक्टोबरच्या अखेरीस यंत्र बंद करताना तासभर केवळ पंखा चालवून वेटोळे वाळवावे, जाळी धुऊन ठेवावी आणि रिमोटमधील सेल काढावेत. मार्चमध्ये पुन्हा सुरू करण्यापूर्वी बाहेरच्या भागावरील आच्छादन काढावयास विसरू नये, आणि पंख्याच्या मागे वाकून पाहावे. दिल्लीची कबुतरे हिवाळ्यात तेथे घरटे करतात, आणि त्यात अंडी असतील तर पिले उडेपर्यंत यंत्र सुरू करता येत नाही.